फुलीवाला लॅपटॉप

चहा घ्या आधी, मग सांगतो. फक्त हसायचं झालं तर कप खाली ठेवून हसा. मागे एकदा हा किस्सा सांगत होतो, तर आमच्या शेजाऱ्याने माझ्या धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर चहाची फवारणी केली.

माझं आमगावला मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेतातले पंप, गिरणीच्या मोटरी, कुलरचे पंखे, जे जे करंटवर फिरतं ते कधी ना कधी माझ्याकडे येतं. धानाला पाणी द्यायच्या दिवसांत कुणाची मोटर जळली की तो माणूस चपला घालायलाही थांबत नाही. आणि मी काय करतो? मोटर चालू करतो, तिच्या पाठीवर तळहात ठेवतो आणि कान लावतो. ती तापते का, कुरकुर करते का, करंट जास्त खाते का, एवढंच बघतो. काही बिघाड वाटला तर खिशातला काळा मार्कर काढतो आणि मोटरवर एक मोठी फुली मारतो. फुली म्हणजे ही गेली. हा मार्कर असा आहे की पाणी, तेल, ग्रीस कशानेच जात नाही. आमच्या तालुक्यात या फुलीला मान आहे. एकदा ती पडली की गिऱ्हाईक घासाघीससुद्धा करत नाही.

हे मी घमेंडीने सांगत नाही. म्हणजे, थोड्या घमेंडीनेच सांगतो आहे, पण ती आता किती उरली आहे ते तुम्हाला कळेलच.

माझी मोठी बहीण दवनीवाड्याला दिलेली. तिची मुलगी पल्लवी गोंदियाला कॉलेजात आहे. आता आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो गोंधळतो. केस पिकलेला माणूस, आणि विशीतल्या पोरीच्या पाया? हो, पडतो. भाचीला काही द्यायला मिळालं तर मामाला ते पुण्य वाटतं, आणि दिलेल्या वस्तूत खोट निघाली तर बहिणीच्या दारात उभं राहायची लाज वाटते. म्हणून भाचीला साधी ओढणी घेतानासुद्धा मामा लोक दुकानदाराचं डोकं खातात.

तर ही पल्लवी गेम खेळते. मोबाइलवर आपण फळं फोडतो तसला नाही, मोठा. त्यात टोळ्या असतात, बंदुका असतात. एक ओरडतो डावीकडून या, दुसरा ओरडतो मागे बघा, आणि सगळे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसलेले. याच्या स्पर्धाही होतात म्हणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरगी माझी फिरकी घेते आहे. पण खरं निघालं. तिची टोळी निवडीच्या फेरीपर्यंत पोचली होती. रविवारी संध्याकाळी घरी बसूनच एक सामना खेळायचा आणि तो जिंकला तर नागपूरला मोठ्या स्पर्धेत जायचं. आतापर्यंत ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर खेळायची. मैत्रीण लग्न होऊन रायपूरला गेली आणि लॅपटॉप घेऊन गेली. आता पल्लवी होती, टोळी होती, आणि खेळायला काही नव्हतं.

बहिणीने फोनवर हे सांगितलं आणि मी म्हटलं, "लॅपटॉप मी देतो."

तिकडे पल्लवीने आईच्या हातातून फोन ओढला असावा. "मामाजी, खरंच देता?"

"मंग का खोटं बोलून राहिलो? कसा पायजे ते सांग."

"दमदार पायजे जी. मोठा गेम तासन् तास चालला तरी थकला नाई पायजे. पण तुमी एकटे नोका जाऊ. शनिवारी दुपारी माझा पेपर संपते, मंग दोघं मिळून जाऊ."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मामा वस्तू देणार आणि भाची ती दुकानात जाऊन तपासणार, हे आमच्यात कसं दिसतं? मी ऐकलं ते फक्त एवढंच की थकला नाही पाहिजे. मला वाटलं, यात विचारायचं काय आहे? थकणारं यंत्र कोणतं आणि न थकणारं कोणतं, हे ओळखण्यातच माझा जन्म गेला आहे. शुक्रवारी दुकान बंद केलं आणि एकटाच गाडीत बसून गोंदियाला गेलो.

बाजारातलं मोठं काचेचं दुकान. आत एसी. रोशनी नावाची एक चटपटीत मुलगी समोर आली. गोंदियात दुकानात शिरलं की हिंदी सुरू होते, आणि माझी हिंदी म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

"बोलिए अंकल, क्या दिखाऊँ?"

"लॅपटॉप. भाची के वास्ते. गेम खेलती है, बड़ेवाले."

"तो इधर आइए, ये लाइन पूरी गेमिंग की है."

काळे, जाडजूड लॅपटॉप ओळीने मांडलेले. बटणांतून लाल-निळे दिवे चमकत होते, नवरात्रीच्या मंडपासारखे. दिव्यांचं मला काही नाही, मी काम बघतो. म्हटलं, गेम चालू कर. तिने एक गाड्या पळवायचा गेम लावला. मी डोळे मिटले, तळहात ठेवला आणि कान लावला.

काय सांगू. हात ठेववेना इतका तापत होता. आतून घों घों आवाज. आणि चार्जर बघितला तर विटेएवढा. एवढा चार्जर म्हणजे ओढ किती असेल? तापणं, आवाज आणि करंट. माझ्या धंद्यातली सगळी दुखणी या एकाच मशीनला झाली होती, आणि ते नवं म्हणून काचेत मांडलं होतं.

"बाई, ये तो जल के राहिला है," मी म्हटलं.

"अंकल, भारी गेम चलेगा तो गरम होगा ही. अंदर दो पंखे हैं ना, हवा बाहर फेंक रहे हैं."

"चांगली चीज को पंखा कायले लगता है?"

तिला माझं 'कायले' म्हणजे 'कशाला' ते कळलं की नाही देव जाणे. तिने दुसरा लावला. तोही तापला. तिसरा तर आधीच्या दोघांपेक्षा मोठ्याने ओरडायला लागला. मी पुरता गोंधळलो. एका दुकानात एक-दोन माल खराब निघू शकतो, पण सगळी ओळच्या ओळ खराब? हे लोक विकतात तरी कसं?

आणि याच गोंधळात माझा हात खिशात गेला. शप्पथ सांगतो, मला कळलंच नाही. हाताला सवय आहे. गरम लागलं की मार्कर निघतो. पहिल्या लॅपटॉपच्या झाकणावर मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारून मोकळा झालो.

"अंकल, ये क्या किया? डिस्प्ले का पीस है."

"दुसरे गिऱ्हाईक को मत देना, करके निशान किया," मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं की मी त्यांच्यावर उपकार करतो आहे.

ती कापड घेऊन घासायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, हे तं आमगावचे मोटरवाले भाऊ होत." बघतो तर सालेकसा बाजूचे एक पाटील. त्यांच्या पंपाची जळलेली वाइंडिंग मी दोनदा भरून दिली होती. मुलासाठी लॅपटॉप घ्यायला आले होते आणि त्यांचा सौदा जवळपास झालेला होता.

"भाऊ, का झालं? फुली काऊन मारली?"

"तापून राहिला. हात लावून पाहा."

पाटलांनी हात लावला आणि विस्तवावर पडल्यासारखा मागे घेतला. मग ते आपल्या लॅपटॉपकडे वळले. "मंग हा पण पाहून देता का जी?" मी पाहिला. तोही तापत होता. पाटलांनी सौदा मोडला. त्यांच्या बाजूला एक नवरा-बायको उभे होते, त्यांनीही आपला डबा पुढे केला, "अंकल, हमारा भी देख लो." दहा मिनिटांत त्या दुकानात लॅपटॉपचा दवाखाना उघडला. गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला आणि रोशनीकडे असं बघायला लागला की मलाच तिची दया आली.

शेवटी रोशनीने हात जोडले. "अंकल, आपको ठंडावाला चाहिए ना? रुकिए." तिने आतून एक लॅपटॉप आणला. पापडासारखा पातळ. आत पंखाच नाही. चालू केला, कान लावला, एकदम शांत. हात ठेवला, गार.

"ये हुई ना चीज. ये छुपा के काऊन रखी थी?"

आता एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण त्या मुलीवर अन्याय होईल. ती मला स्पष्ट म्हणाली, "अंकल, ये ऑफिस के काम का है. टाइपिंग, ई-मेल. इसमें बड़ा गेम नहीं चलेगा. बाद में मुझे मत बोलना."

मी मनात हसलो. मीही धंदा करतो. न खपणारा माल पुढे करायचा, चांगला मागे ठेवायचा आणि गिऱ्हाईकाने तोच मागितला तर त्याला नावं ठेवायची, ही चाल मला कळत नाही का? मी म्हटलं, "चला के दिखाओ." तिने कंटाळून समुद्रातल्या माशांची एक फिल्म लावली. मासे इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मी लॅपटॉपवर हात ठेवून बसलेलो. पाटील एका बाजूने हात ठेवून, नवरा-बायको दुसऱ्या बाजूने. बराच वेळ आम्ही चौघं तसेच बसलो होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल काही शपथविधी चालला आहे. लॅपटॉप गारच राहिला. मी, पाटील आणि त्या नवरा-बायकोने तसाच एकेक घेतला. निघताना पाटील म्हणाले, "भाऊ, तुमी होते म्हणून वाचलो."

शनिवारी पेपर आटोपून पल्लवी घरी पोचायच्या आत मी दवनीवाड्याला हजर. बहिणीने पाट मांडला, लॅपटॉपला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी पल्लवीच्या पाया पडलो आणि डबा तिच्या हातात दिला. तिने उघडला. थोडा वेळ बघतच राहिली. मला वाटलं, आनंदाने बोलता येत नसेल.

"खूप हलका आहे जी मामाजी," ती म्हणाली.

"मंग? हात लावून पाह. बरफ."

तिने गेम उतरवायला लावला. तो उतरेपर्यंत आमचं जेवण झालं, माझी झोप झाली, बहिणीचे तांदूळ निवडून झाले. मग गेम सुरू झाला. पल्लवीने हेडफोन लावला, मी मागे खुर्ची टाकली.

पडद्यावर तिचा बंदूकवाला उभा होता. त्याने पळायला एक पाय उचलला. तो पाय वरच राहिला. मी वाट बघितली. पाय वरच.

"बंद पडला का?"

"नाई जी, चालू आहे."

"मंग हलत काऊन नाई?"

"हलून राहिला. हळू हलून राहिला."

एवढ्यात पाय खाली आला आणि त्याच वेळी माणूस एकदम भिंतीच्या पलीकडे दिसला. मधला रस्ता कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. मग परत सगळं थांबलं. मग तो मेलेलाच दिसला. त्याला गोळी कुणी मारली, कधी मारली, काही पत्ता नाही. मला वाटलं गेमच असा असेल, बुद्धिबळासारखा, विचार करून खेळायचा. मी म्हटलं, "निवांत गेम आहे, बरं वाटलं. तुझी आई उगीच म्हणत होती धावपळीचा आहे म्हणून."

पल्लवीने लॅपटॉप हळूच मिटला. "छान आहे जी मामाजी. कॉलेजच्या कामी येईल," म्हणाली. आणि आत गेली.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तर न्हाणीच्या आडून तिचा आवाज आला. फोनवर कुणाशी तरी बोलत होती. "उद्या माझ्या जागेवर दुसऱ्या कोणाले घ्या. नाई, लॅपटॉप आला, पण त्याच्यात गेम चालतच नाई. नाई ना, परत कसं करू? मामाजीनं दिला आहे. त्यायले वाईट वाटन."

तांब्या हातात तसाच राहिला. पोरीने वर्षभर दुसऱ्याच्या मशीनवर सराव करून इथपर्यंत मजल मारली, आणि मामाने मध्ये येऊन बर्फ ठेवला. वर तिला मामाचं मन सांभाळायचं होतं.

मी समोर जाऊन उभा राहिलो. "पल्लवी, खरं सांग. याच्यात का कमी आहे? तापत नाई, आवाज करत नाई, करंट खात नाई."

तिने खाली मान घातली. मग म्हणाली, "मामाजी, गेमचा लॅपटॉप तापतेच जी. लय काम करते म्हणून तापते. धान कापणाऱ्याले घाम येते ना, तसं. ज्याले घाम नाई येत, तो बांधावर बसून असते."

तुम्ही हसता आहात, पण मला त्या क्षणी दुसरंच आठवलं. बिनलोडची मोटर, म्हणजे कामाला न जुंपलेली, कुणाचीही गारच असते. हे मी स्वतः माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक शहाण्याला ऐकवतो. पट्टा काढून मोटर दाखवतो कुणी, तर मी म्हणतो, आधी लोड द्या, मग बोला. आणि मीच माशांची फिल्म बघून लॅपटॉप घेऊन आलो होतो.

माफी मागायची म्हणून पल्लवीच्या पायांकडे वाकलो, तर ती मागे सरकली. "दुपारीच तं पडले जी."

"ते रिवाजाचं होतं. हे येगळं आहे."

बहीण चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "अन् मी त्या बिनकामाच्याले नारळ फोडून बसली."

रविवारी सकाळी पल्लवीला घेऊन मी परत त्या दुकानात. या वेळी तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरवूनच गेलो. रोशनी दारातच उभी होती.

"आइए अंकल. मैं सोच ही रही थी, दो आ गए, तीसरे कब आएँगे."

पाटील आणि ते नवरा-बायको सकाळी दुकान उघडल्या उघडल्याच येऊन गेले होते. त्यांनी आपापले गार लॅपटॉप बदलून तापणारे नेले होते. पाटील माझ्याबद्दल काय बोलले ते रोशनीने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पल्लवीने काय पाहिजे ते चार शब्दांत सांगितलं. रोशनी म्हणाली, "वैसे में अब एक ही पीस बचा है." आणि तिने मागच्या फळीवरून तो काढला.

झाकणावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत माझी फुली.

"कॉलेजचे पोट्टे बाकी सगळे घेऊन गेले," पल्लवी रोशनीशी बोलून मला म्हणाली, "हा एकच राहिला म्हणते."

"ये क्यों नहीं गया?" मी नको तो प्रश्न विचारला.

"सब पूछते थे, ये निशान किसका है. मैं बोलती थी, आमगाव के मोटरवाले का. तो वापस रख देते थे."

मी घसा साफ केला. "निशान है, तो थोड़ा कम करो."

"निशान आपका है अंकल. मैं कैसे कम करूँ?"

मी पूर्ण किंमत मोजली. गार लॅपटॉप तिने परत घेतला. त्याच्यावरचं बहिणीचं कुंकू ओल्या कापडाने लगेच निघालं. फुली मात्र निघेना. सॅनिटायझर झालं, थिनर झालं, दुकानातला एक माणूस कसलंसं पांढरं पीठ घेऊन आला, तेही झालं. पल्लवी म्हणाली, "राहू द्या ना मामाजी, खेळाले तं आडवी नाई येत."

संध्याकाळी सामना झाला. लॅपटॉप असा गरजला की शेजारची म्हातारी विचारायला आली, गिरणी केव्हा घेतली म्हणून. मी पल्लवीच्या बाजूला बसून होतो. मधूनमधून हात लावायचो, हाताला चटका बसायचा आणि मला बरं वाटायचं. पडद्यावरचे पाय असे पळत होते की कोण आपला, कोण परका, मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदम पल्लवी खुर्चीवरून उठली आणि तिने हेडफोन फेकला. मी घाबरून बहिणीकडे बघितलं. मग पोरगी माझ्या गळ्यात पडली, तेव्हा कळलं की जिंकली.

नागपूरला मीही गेलो होतो. तिची टोळी पहिला डाव जिंकली, दुसरा हरली. पण दोन्ही डावांत पल्लवी जीव तोडून खेळली. तिथे हॉलभर लॅपटॉप, आणि त्यांत फुलीवाला एकच. दुसऱ्या टोळीतला एक पोरगा तिला विचारत होता, हे कोणत्या कंपनीचं चिन्ह आहे. पल्लवी म्हणाली, "घरची कंपनी आहे." मी बाहेर जाऊन उसाचा रस प्यायलो.

आता तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. परवा दुकानात एक पंप खोलून बसलो होतो, तर फोन वाजला. रोशनी.

"अंकल, आज गोंदिया आ सकते हो तो दुकान पे आइए. एक कस्टमर गेमिंगवाला लेने आया है, सुबह से कन्फ्यूज बैठा है."

मी म्हटलं, "बाई, मेरे को लॅपटॉप का क्या समझता है?"

"कुछ नहीं समझता, इसीलिए तो बुला रही हूँ. आप हाथ लगा के जिसको सबसे खराब बोलोगे, वही उसको दे दूँगी. बस, मार्कर घर पे छोड़ के आना."